कोठे उतरावे, कोठे विसावावे

परदेशी जायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो ‘काय काय पाहायचे?’ हा. दुसरा, ‘खायचे काय?’ आणि तिसरा, ‘आणायचे काय?’ उतरायचे कोठे, हे मात्र कोणी विचारत नाही. ते काम प्रवास कंपनीवर किंवा स्वस्तात जे मिळेल त्यावर सोपवलेले असते. वास्तविक नव्या शहरातले पहिले चार दिवस सुखात जायचे की वणवणीत, हे पुष्कळसे त्या एका उत्तरावर ठरते. बँकॉकच्या बाबतीत तर फारच.

पहिल्या परदेशवारीला आपल्यासारख्यांना हे शहर सोयीचे. मुंबईहून विमानाने चार-साडेचार तास, आणि घड्याळ काय ते दीड तास पुढे करायचे. शिवाय मराठीच्या शिक्षकाला तेथे विनामूल्य करमणूक आहे. बँकॉक हे नाव परक्यांसाठी. तेथले लोक आपल्या शहराला ‘क्रुंग थेप’ म्हणतात, म्हणजे देवांचे नगर. 1782 साली पहिल्या रामराजाने येथे राजधानी वसवली. या शहराचे संपूर्ण नाव एका श्वासात म्हणून संपत नाही, पण कान देऊन ऐकले तर त्यात महानगर, अमर, रत्न, अयोध्या, नवरत्न, राजधानी, महास्थान अशी आपलीच मंडळी भेटतात. आणि हे नगर इंद्राने दिले, विश्वकर्म्याने बांधले, असेही त्यातच सांगितलेले असते. विश्वकर्म्याने रस्ते मात्र मोटारींचा हिशेब धरून आखलेले नाहीत. संध्याकाळी पाचला टॅक्सीत बसलेला माणूस सातला बहुधा त्याच चौकात असतो. म्हणून मुक्कामाचा विचार आधी करायचा.

आपली बरीच मंडळी प्रतूनामला उतरतात. कापडाचा घाऊक बाजार तेथे आहे, खोल्या स्वस्त आहेत, आणि खिडकीतून सारे बँकॉक विकायला मांडलेले दिसते. आमच्या शेजारचे एक कुटुंब तेथे पाच दिवस राहून आले. आणलेल्या कपड्यांची यादी त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवली; नदी पाहिली का, तर ‘बसमधून दिसली.’ तरुण पोरे पाठीवर पिशवी टाकून खाओ सान रस्त्याला जातात. खाओ सान म्हणजे सडलेला तांदूळ. पूर्वी तेथे तांदळाचा बाजार होता. आता रात्री दोनपर्यंत वाद्यांचा गलका असतो. राजवाडा जवळ, हे खरे. पण ज्यांना नऊ वाजता झोप लागते त्यांनी त्या वाटेला जाऊ नये. तिसरा भाग सुखुमवित. हा लांबच लांब रस्ता, त्याच्या एका अंगाला विषम आकड्यांच्या गल्ल्या, दुसऱ्या अंगाला सम. गल्लीला तेथे ‘सॉय’ म्हणतात, आणि सोय खरोखरच चांगली आहे: डोक्यावरून आगगाडी, खाली भारतीय खाणावळी. काही गल्ल्यांतून मात्र रात्री मुलांना घेऊन जाताना उगाचच आकाशाकडे पाहत चालावे लागते.

उतरण्याच्या जागेची माझी कसोटी एकच आहे. घरातल्या सर्वांत वडील माणसाला, ‘आज मला नको, तुम्ही जा,’ असे म्हणता यावे, आणि मागे राहून त्या माणसाचा दिवस चांगला जावा.

ही कसोटी मला माझ्या सासूबाईंनी शिकवली. त्यांचे वय एकाहत्तर. त्यांना मी आई म्हणते. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे, दोन मुले आणि त्या, असे पाच जण गेलो. त्यांचा आजवरचा प्रवास म्हणजे लग्नकार्ये, बाळंतपणे आणि यात्रा. जेथे गेल्या तेथे पदर खोचून उभ्या राहिल्या. माणसाने दोन प्रहरी नुसते बसावे, ही कल्पनाच त्यांना थोडी लाजिरवाणी वाटे. आपल्या घरोघरी अशी एक बाई असतेच, आणि सहलीत सर्वांत जास्त थकते तीच, कारण ‘थकले’ हे ती शेवटपर्यंत म्हणत नाही.

आम्ही बांगराक भागात राहिलो. चाओ फ्राया नदीच्या काठी सफान ताक्सिन नावाचे स्टेशन आहे. 1999 साली सुरू झालेली उंचावरची आगगाडी तेथे येते, आणि जिना उतरले की समोर साथॉनचा धक्का, जेथून लाँची सुटतात. गाडी आणि नदी यांची ही भेट हेच त्या भागाचे सारे रहस्य. राजवाडा, वाट फो, वाट अरुण ही मुख्य स्थळे नदीकाठावरच असल्याने नारिंगी निशाणाच्या लाँचेने अर्ध्या तासात जाता येते, वाटेत वारा लागतो, आणि दुपारी उन्हाचा चटका बसू लागला की तसेच परत फिरता येते. बँकॉकचा दिवस असाच दोन तुकड्यांत करावा: सकाळी सातला बाहेर, बाराला खोलीवर, चारला पुन्हा बाहेर. दिवसभर उन्हात फिरून ‘पैसे वसूल’ करणाऱ्यांचे चेहरे तिसऱ्या दिवशी पाहण्यासारखे असतात.

याच काठावर 1876 पासूनचे ओरिएंटल हॉटेल आहे. 1923 साली सॉमरसेट मॉम हिवतापाने फणफणलेला तेथे पडून होता, आणि हा पाहुणा आपल्या हॉटेलात मरतो की काय, या चिंतेने व्यवस्थापकीणबाई हैराण झाल्या होत्या. तेथले भाडे आपल्या पगारात बसणारे नव्हे. पण मागच्या चारोएन क्रुंग रस्त्याच्या गल्ल्यांत लहान, स्वच्छ हॉटेले आहेत, आणि नदी सर्वांना तीच.

थाई भाषेत ‘साला’ म्हणून एक शब्द आहे. आपली शालाच ती. पण तेथे ती शिकण्याची नव्हे. छप्पर आहे, भिंती नाहीत, आल्यागेल्याने टेकावे, अशी जागा. धर्मशाळेतली शाळा म्हणा. देवळात, बागेत, नदीकाठी अशा साला असतात, आणि कोणी ‘काय पाहिजे?’ म्हणून विचारायला येत नाही. आई पहिल्या दिवशी आमच्याबरोबर राजवाड्याला आल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते.”

वाट फोला मात्र त्यांना नेलेच. सेहेचाळीस मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध त्यांनी पायांपासून डोक्यापर्यंत सावकाश पाहिला. त्याच आवारात अंग रगडण्याची प्रसिद्ध जागा आहे. 1955 साली तेथे त्या विद्येची शाळाही निघाली. या परंपरेचे लोक बुद्धाचा वैद्य जीवक याला आदिगुरू मानतात, आणि 2019 मध्ये युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या वारशात नोंदवली. सैल कपडे देतात, तेल लावत नाहीत, अंगठ्यांनी आणि कोपरांनी दाबतात. लाज वाटावी असे त्यात काही नाही. आईंनी ‘फक्त पाय’ अशी अट घातली. अर्ध्या तासाने बाहेर आल्या आणि खाली बघत म्हणाल्या, “तुझ्या नणंदेच्या वेळचं बाळंतपण झालं, त्यानंतर माझे पाय कोणी धरले नव्हते.” नणंदबाई आता अठ्ठेचाळीस वर्षांच्या आहेत. माझ्याने काही बोलवेना. पुढचे तिन्ही दिवस आम्ही त्यांना गल्लीतल्याच एका साध्या दुकानात पाय दाबायला नेले, आणि त्यांनी एकदाही ‘कशाला खर्च?’ म्हटले नाही.

दुसरी विसाव्याची जागा लुंफिनी बाग, म्हणजे लुंबिनी. त्याच गाडीने चौथे स्टेशन, सालादेंग. तळ्याकाठी हातभर नव्हे, पुरुषभर लांबीच्या घोरपडी ऊन खात पडलेल्या असतात; कोणाला काही करीत नाहीत, मात्र खाऊ टाकू नये. सकाळी आठ वाजता राष्ट्रगीत लागते आणि धावणारी, कसरत करणारी सारी बाग जागच्या जागी थांबते. आपणही थांबावे.

खाण्याचे एवढेच सांगते: भाजीतसुद्धा मासळीचे पाणी पडते, म्हणून शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा शब्द पाठ करावा. पिवळ्या निशाणावर तांबडे अक्षर असलेल्या दुकानात निर्धास्त जेवावे. सिलोम रस्त्यावर तमिळांनी बांधलेले देवीचे देऊळ आहे, त्याच्या आसपास इडली-डोशाचीही सोय होते.

जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिलात सोंगक्रान, म्हणजे त्यांची संक्रांत, मौजेची असते. पण तेव्हाचा उकाडा वडील माणसांना सोसणारा नव्हे. लाँच संध्याकाळनंतर बंद होते, तेव्हा धक्क्यावर लवकर परतावे. तेथे बसायला जागा असते. अंधार पडल्यावर वाळूचे आणि तांदळाचे पडाव ओढबोटींमागे संथपणे जात राहतात. एका बोटीला बहुधा चार, असे आईंनी मोजून सांगितले.