सातपुड्याच्या रेषा : तळोदा ते तेजगढ

शुक्रवार, तळोदा

उद्या पहाटेची एसटी धरायची आहे, म्हणून रात्रीच पिशवी भरून ठेवली. जाड कागदाची वही, गेरू, कोळसा, मऊ पेन्सिली आणि विष्णु श्रीधर वाकणकरांनी केलेल्या शैलचित्रांच्या रेखाटनांच्या काही छायाप्रती. दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेकरूंची रीघ तळोद्यातूनच डोंगराकडे लागते. माझी वाट मात्र पश्चिमेची, सातपुड्याच्या पायथ्याने गुजरातेत उतरणारी.

वाकणकर नीमचचे, जन्म १९१९ चा. त्यांना सगळे पुरातत्त्ववेत्ते म्हणून ओळखतात, पण मला ते आधी चित्रकार वाटतात. १९५७ साली रेल्वेतून जाताना भोपाळच्या दक्षिणेला त्यांना खडकांचे विलक्षण आकार दिसले. ते तिथे जाऊन पोचले आणि भीमबेटकाची चित्रे जगापुढे आली. २००३ मध्ये युनेस्कोने ते ठिकाण जागतिक वारसा ठरवले. मला मात्र त्यांच्या शोधाहून त्यांनी नंतर वर्षानुवर्षे केलेलं काम मोठं वाटतं. खडकासमोर बसून ते एकेक आकृती हाताने उतरवून घेत राहिले. गव्याच्या पाठीचा बाक छायाचित्रात डोळ्याला दिसतो. पण तो कुठे सुरू झाला आणि कुठे वळला, हे काढणाऱ्या हातालाच समजतं.

शनिवार, रस्त्यावर

अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपिपळा. सागबाऱ्याच्या बाजूला देवमोगरा. याहामोगी देवीच्या दर्शनाला महाशिवरात्रीत महाराष्ट्र आणि गुजरात, दोन्हीकडची आदिवासी कुटुंबं तिथे लोटतात. गरुडेश्वरला नर्मदा लागली. टेंबेस्वामींची समाधी इथलीच, म्हणून गाडीतल्या दोन आजी लगबगीने उतरल्या. पुढे बोडेलीपर्यंत धूळ आणि ऊन. तेजगढला पोचेस्तोवर दिवेलागण झाली.

रविवार, तेजगढ

गणेश देवींनी उभी केलेली आदिवासी अकादमी इथे आहे आणि कोराजचा डोंगरही. सकाळी गावातला एक मुलगा वाट दाखवायला आला. वर कड्याखाली चित्रं आहेत. आधी काहीच दिसत नाही. डोळे सावलीला सरावले की खडकावरचा एक डाग जनावर होतो. फिकट तांबूस रंग, पाठीची एकच सलग रेघ, तिच्याखाली झिजलेले पाय. रंग उठून दिसावा म्हणून मुलगा बाटलीतलं पाणी शिंपडायला निघाला. मी त्याचा हात धरला. असं पाणी मारल्याने खडकातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरी साय धरते. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही दोघं नुसतेच बसलो. ऊन कलतं झालं, तेव्हा आणखी दोन आकृत्या आपसूक दिसू लागल्या.

संध्याकाळी राठवा आदिवासींच्या वस्तीत एका घरी पिठोरा पाहिला. ओसरीची भिंत घोड्यांनी भरलेली. सूर्य, चंद्र, हत्ती, वाघ, शिकारी, ताडाचं झाड आणि कोपऱ्यात चक्क आगगाडी. घरात आजारपण आलं, मूल होईना, गुरं मरू लागली की बाबा पिठोऱ्याला नवस बोलतात; तो फेडायचा म्हणून ही भिंत. शेण आणि पांढऱ्या मातीने ती सारवायचं काम कुमारिकांचं. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. चित्र काढणारा तो लखारा.

ओसरीवर बसलेल्या वयस्क लखाऱ्याला विचारलं, ‘‘दादा, मनात येईल तसा घोडा काढता येतो का?’’

‘‘मनात येईल तसा कसा काढणार? बडवा, आमचा पुजारी, बघतो ना. त्याच्या अंगात वारं आलं की तो एकेक चित्रावर तलवार टेकवत जातो. एखादा देव राहिला असेल तर तिथेच सांगतो. मग तो काढल्याशिवाय उठता येत नाही.’’

कोराजचा खडक आणि ही भिंत यांच्यात सलग धागा आहे, असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात किती माणसं आली, गेली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पण आम्ही शहरी चित्रकार ‘आदिम रेषा’ म्हणतो, तेव्हा मोकळी, बेबंद, शिस्त न मानणारी रेषा आमच्या मनात असते. या भिंतीवर तसली मोकळीक मला कुठेच दिसली नाही. कोणाचा घोडा कुठे यायचा, हे ठरलेलं. चूक राहिली तर नवस अपुरा. इथला चित्रकार समोरच्या कुटुंबाच्या सुखदुःखाला बांधलेला आहे.

वारली चित्रांचंही हेच. लग्नातला देवचौक सवाशिणींनीच लिहायचा, मध्ये पालघाट देवी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग नेले, जिव्या सोमा म्हशे मोठे चित्रकार झाले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण आज वारली चित्रांतली माणसं कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर ओळीने नाचतात, काढणाऱ्याचं नाव नाही, पैसा नाही. त्याला प्रेरणा म्हणवत नाही. तो उचललेला माल आहे.

सोमवार, तेजगढ

सकाळी वही उघडली. मोठ्या कॅनव्हाससाठी घरून करून आणलेल्या आराखड्यात पिठोऱ्याचे घोडे होते. ते काढून टाकले. ते घोडे राठवांचे आहेत, ते त्यांच्या भिंतीवर राहू देत. मला इथून न्यायचं आहे ते लखाऱ्याचं काटेकोरपण, आणि कोराजच्या त्या पाठीची एका दमात ओढलेली रेघ. दुपारभर तीच गिरवली. मनगटातून काढली की ती थरथरते, खांद्यातून काढली की जमते.

उद्या छोटा उदेपूरमार्गे अलीराजपूर. तिथल्या भिलाला आदिवासींच्या घरीही पिठोरा लिहितात. तिथून झाबुआ जिल्ह्यातलं पिटोल, चित्रकार भुरीबाईंचं गाव. त्या भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत असताना जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांच्या हाती कागद दिला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वामिनाथन स्वतः नामांकित चित्रकार. त्यांच्या उत्तरकाळातल्या चित्रांवर आदिवासी खुणांची छाप उघड दिसते. घेणारा चित्रकार देऊही शकतो, त्याची ही एक वाट. पिटोलला जाऊन ती नीट समजून घ्यायची आहे.

(क्रमशः)