कंट्रोलरचा हिरवा दिवा

नातेपुते, २२ एप्रिल २०२५, मंगळवार

शिंगणापूरच्या अंगाला माळावर असलेल्या वस्तीवरून आण्णांचा फोन. बॅटरी बसली. दोन वर्षांत ही दुसरी. १५० एएचची ट्युब्युलर, वेळेवर पाणी घातलं तर चार-पाच वर्षं जायला हरकत नसते. वस्ती शेतीच्या लाईनवर, रात्रीची सिंगल फेज असली तर असली. म्हणून पत्र्यावर १६५ वॉटची दोन पॅनल, ओसरीत कंट्रोलर, त्यावर दोन दिवे, एक पंखा आणि डाळिंबाच्या बागेकडे तोंड केलेला कॅमेरा. माल चोरीला जायला लागल्यापासून कॅमेरा बंद ठेवायची सोय राहिलेली नाही.

"हिरवा दिवा तर लागतोय की, मेस्त्री," आण्णा म्हणाले.

लागतो. पॅनलकडून करंट येतोय, एवढंच त्याचं सांगणं. बॅटरी पोटभर भरली का अर्धपोटी राहिली, याबद्दल तो मुका. गिऱ्हाईक त्या दिव्यावर भरवसा टाकतं आणि आम्ही दुकानदार त्या भरवशावर पुढची बॅटरी खपवतो.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी वस्तीवर गेलो. कंट्रोलरच्या पडद्यावर १४.४ व्होल्ट. मीटरचे प्रोब थेट बॅटरीच्या खांबांना लावले, तर १३.७. जवळजवळ पाऊण व्होल्ट वाटेतच गळत होता. ॲसिडचा वास नको म्हणून घरातल्या आजींनी बॅटरी मागच्या पत्र्याच्या खोपीत ठेवायला लावलेली. मध्ये चार स्क्वेअर एमएमची वायर सहा मीटर, जाऊन-येऊन बारा. त्या वायरीतून बारा अँपिअर गेले की एवढा ड्रॉप हिशेबानंच येतो.

कंट्रोलरला मात्र स्वतःच्या टर्मिनलवरचंच दिसतं. १४.४ आले की तो बॅटरी भरत आली असं धरतो, करंट आवळायला लागतो आणि ठरलेली वेळ संपली की फ्लोटवर, म्हणजे १३.७ च्या आसपास, उतरतो. बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. तसे महिने गेले की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ते निघत नाही. हायड्रोमीटर लावला, भरलेल्या सेलला १.२५ च्या आसपास घनता दिसायला हवी, इथं पाच सेल १.१७ च्या आगेमागे आणि सहावा त्याहून कितीतरी खाली. मेलेलाच.

दुसरी गंमत उष्णतेची. खोपीत ४६ अंश, ओसरीत ३६. शिसं-ॲसिडच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर अंशाला दर सेलमागे साधारण चार मिलिव्होल्ट कमी द्यायचे असतात. सहा सेल आणि एकवीस अंश धरले तर अर्धा व्होल्ट. तापमान मोजायची वायर कंट्रोलरच्या खोक्यात पिशवीतच सापडली, कुणी उघडलीही नव्हती. वायरीचा ड्रॉप बॅटरीला उपाशी ठेवत होता आणि करंट उतरल्यावर उकाडा तिचं पाणी उडवत होता. हे सगळं चालू असताना दिवा हिरवा.

८ मे, गुरुवार

नवी बॅटरी बसवली. कंट्रोलर खोपीच्या बाहेरच्या भिंतीवर आणला, ॲसिडच्या वाफेपासून लांब पण तारेनं जवळ: मीटरभर, दहा स्क्वेअर एमएम. सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवला. खोपीला वरून-खालून जाळी.

आण्णांची पुतणी नववीत गेलीय. तिला सांगितलं, कालनिर्णयच्या चौकटीत रोज दोन आकडे लिहायचे, पहाटे ऊन पडायच्या आधीचा आणि दिवस मावळतानाचा. दुपारी पडद्यावर फ्लोटची खूण आली तर शेजारी 'फ्लो'. पहाटेचा आकडा १२.५ च्या वर म्हणजे रात्र निभली. १२.२ म्हणजे निम्मी राहिली. त्याखाली रोज गेलं तर मला फोन.

आजी म्हणाल्या, "दुधाचा हिशोब लिहितीयाच, त्यातच लिवंल."

शेजारच्या रानात 'मागेल त्याला सौर कृषिपंप' मधला पाच एचपीचा पंप आहे. त्याला बॅटरीच नाही. ऊन असेल तेव्हा पाणी ओढतो. तरी त्याच्या कंट्रोलरला सिमकार्ड, आज किती युनिट झाले ते लांब बसलेल्या माणसाला दिसतं. जिथं बॅटरी रोज झिजते तिथं मात्र एक दिवा लावून भागवलेलं.

२० मे, मंगळवार

अवकाळी. आकडे ठीक.

२६ मे, सोमवार

आभाळ फाटल्यासारखा पाऊस. मे महिन्यात ओढ्यांना पूर. बारामतीकडे नीरा डावा कालवा फुटला म्हणतात. आज मान्सून मुंबईत पोचला, ७५ वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता.

संध्याकाळी पोरीचा फोन. पहाटेचे आकडे: १२.५, १२.४, १२.२, आज १२.०. 'फ्लो' चार दिवसांत एकदाही नाही. हिशेब सरळ आहे. कडक उन्हात ही पॅनल दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास देतात, घराला लागतं पाऊण युनिटच्या आत. गच्च ढगात पाव युनिट मिळालं तरी नशीब. त्यात कॅमेरा आणि त्याचा राऊटर मिळून निम्म्याहून जास्त खातात, कारण ते चोवीस तास चालतात. दिवे बिचारे पाच तास.

कंट्रोलर लोड तोडतो ११.१ ला. तोवर थांबणं म्हणजे बॅटरी पार तळाला नेणं. म्हटलं, दिवसा राऊटर आणि कॅमेरा बंद, पंखाही नको. अशा पावसात डाळिंब चोरायला दिवसाढवळ्या कोण येतंय?

२९ मे, गुरुवार

१२.१ वर थांबलंय. दुपारी तासभर ऊन पडलं. लाईन आहे तोवर चार्जरवर टाकायला सांगितलं.

११ जून, बुधवार

दुकानात लिथियमवाला आला. एलएफपी, वजनाला हलकी, पाणी नाही, वर्षं जास्त. माल वाईट नाही, मीही ठेवणार आहे. पण त्याच्या पत्रकावर 'व्होल्टेज बघा, चार्ज ओळखा' असं छापलंय, ते मात्र पटत नाही. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात १३.१ ते १३.३ च्या दरम्यान पडून असतो. सत्तर टक्के असो की चाळीस, मीटरला फारसा फरक दिसत नाही. तळ आला की मग एकदम कोसळतो. तिथं शंट बसवून आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजावे लागतात. कालनिर्णयची युक्ती शिसं-ॲसिडलाच चालते. विचारलं, शंट आहे का बरोबर? "बीएमएस आहे की," म्हणाला. बीएमएस सेल सांभाळतो. त्याचा हिशेब घरच्यांना दिसायला ॲप किंवा पडदा लागतो, आणि या मॉडेलला दोन्ही नाही.

३० जून, सोमवार

माऊलींचा मुक्काम आज गावात. दुकानापुढे मोबाईल चार्जिंगला दोन मोठे बोर्ड टाकलेत, वारकऱ्यांची रीघ. उद्या पुरंदावड्याला रिंगण.

या गर्दीत वस्तीवरची मंडळी दर्शनाला आली. पोरीनं कालनिर्णयचं पान फाडून आणलं होतं. गेला आठवडा पहाटे १२.६, दुपारी 'फ्लो', कधी साडेबाराला, कधी दोनला. तिची शंका: सूर्य गेल्यावर आकडा १३.६ वरून तासाभरात १२.८ वर येतो, मग तेवढी वीज गेली कुठं?

कुठंच गेली नाही. चार्जिंग चालू असताना दिसतो तो बाहेरून रेटलेला दाब, बॅटरीचा स्वतःचा नव्हे. रेटा थांबला की वरवरचा फुगा उतरतो. मावळतीचा आकडा म्हणूनच फसवा. उद्यापासून तो रात्री आठला लिही म्हटलं.

"आठला जेवण असतंय," आजी म्हणाल्या. नऊवर ठरलं.