दर चार तासांनी दहा मिनिटं

बांधकामावरच्या मजुराला दर चार तासांमागे दहा मिनिटांची विश्रांती द्यायची, एवढाच नियम होता. ऑस्टिन शहराने तो २०१० मध्ये केला, डॅलसने २०१५ मध्ये. टेक्सासच्या ऑगस्टात छपरावर काम करणाऱ्याची दहा मिनिटं खाली उतरून, पाणी पिऊन, मान ओली करून पुन्हा शिडी चढेपर्यंत संपतात. तरीही २०२३ च्या जूनमध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी अशा एका विधेयकावर सही केली, की हा नियमही टिकणं अवघड झालं.

विधेयकाचा क्रमांक २१२७, नाव ‘टेक्सास रेग्युलेटरी कन्सिस्टन्सी ॲक्ट’. विरोधकांनी त्याचं बारसं ‘डेथ स्टार’ असं केलं. त्याचा रोख उन्हावर नव्हताच. कामगार, शेती, विमा, वित्त, मालमत्ता अशा क्षेत्रांत राज्याचा कायदा असेल तिथे शहरांनी परवानगीशिवाय आपले वेगळे नियम करू नयेत, हा त्याचा गाभा. गावोगावी वेगळे नियम सांभाळताना धंदेवाल्याची दमछाक होते, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं.

हे कारण मी हसण्यावारी नेत नाही. मी औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात आहे. ह्यूस्टन आणि आसपासच्या कंत्राटदारांना उष्णतेपासून बचावाचे आराखडे करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. चार शहरांत साइट असलेल्या माणसाला एकच नियम सोयीचा, आणि खरं सांगायचं तर मलाही. पण टेक्सासने स्वतःचा उष्णतेचा नियम केलाच नाही. त्यामुळे सगळीकडे सारखं झालं ते ‘काहीच नाही’. ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ आणि एल पासो कोर्टात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा घटनाबाह्य ठरला, २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. फ्लोरिडानेही २०२४ मध्ये शहरांना आणि काउंट्यांना असे उष्णतेचे नियम करायला बंदी घातली.

वाद पाण्यावरून आणि सावलीवरून होतो. माझ्या मते खरी गोम पुढेच आहे. उन्हाने कामावर दगावणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जण कामाच्या पहिल्या काही दिवसांतले असतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. सवय नसलेला धडधाकट गडी म्हणूनच जुन्या, वयस्क माणसाआधी कोसळतो. तो नवा असतो, आपण कमी पडतोय हे दाखवायला तयार नसतो.

यावरचा उपाय अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने, म्हणजे ‘नायॉश’ने, लिहून ठेवला आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम, मग रोज २० टक्क्यांनी वाढ. पाचव्या दिवशी पूर्ण. कागदावर सोपं आहे. पण उरलेल्या ८० टक्क्यांची रोजी कोणी द्यायची? बैठकीत हा प्रश्न निघाला की सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालतात.

तो फोनही दिशाभूल करतो. त्यावरचा ‘हीट इंडेक्स’, म्हणजे तापमान आणि दमटपणा मिळून जाणवणारी उष्णता, सावलीतला असतो. थेट उन्हात तो सुमारे १५ अंश फॅरनहाइटपर्यंत वाढू शकतो. आम्ही ‘वेट बल्ब ग्लोब’चं उपकरण लावतो. त्यात ओल्या वातीच्या तापमानाला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २० आणि साध्या तापमापकाला १०. ओलीला एवढं वजन का, हे मे महिन्यात रत्नागिरीत दुपार काढलेल्याला समजावावं लागत नाही. घाम वाळलाच नाही तर अंग थंड होणार कसं?

टेक्सासने केला नाही तो उष्णतेचा नियम कॅलिफोर्नियाने मात्र केला: २००५ मध्ये तातडीचा आणि २००६ मध्ये कायमचा. ८० अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २७ सेल्सियस) वर सावली, माणशी तासाला जवळपास लिटरभर पाणी, आणि नव्या कामगारावर १४ दिवस बारीक लक्ष. २०२४ मध्ये गोदामं, स्वयंपाकघरं अशा बंदिस्त जागाही नियमात आल्या. तुरुंग मात्र वगळले, कारण तिथला खर्च सरकारच्याच खिशातून जाणार होता! खाजगी मालकाला ‘परवडतं’ म्हणणारं सरकार स्वतःच्या बिलाला कचरलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तरी नियम असलेलं हे राज्य शेती उत्पन्नात आजही देशात पहिलं आहे.

कामगार सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, म्हणजे ‘ओशा’ने, २०२४ च्या ऑगस्टमध्ये देशभरासाठी मसुदा काढला. त्यात हीट इंडेक्स ९० अंशांवर गेल्यावर दर दोन तासांनी १५ मिनिटांची पगारी विश्रांती आहे. २०२५ मध्ये सुनावण्या झाल्या. मसुद्याचा नियम होईपर्यंत टेक्सासातल्या खाजगी साइटवर १९७० च्या कायद्यातल्या ‘धोकामुक्त जागा द्या’ या मोघम कलमावरच भिस्त.

म्हणून मी आराखड्यात एक कलम घालतो: नव्या माणसाचं पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्सा, रोजी पूर्ण. काही मालक सही करतात. बरेच जण ‘रोजी पूर्ण’ एवढंच खोडून कागद परत पाठवतात.