जोडाच्या तारा

पुण्यातल्या एका फ्लॅटची बैठकीची खोली, लांबी पाच मीटर. गाणं शिकवणाऱ्या बाईंनी हौसेनं उत्तम स्पीकर घेतले, त्यावर गुरुजींची जुनी मैफल लावली, तर तानपुऱ्याचा खर्ज ढोलासारखा घुमतोय आणि जोडाच्या तारा जवळजवळ गायब. "तानपुरा असा वाजतो का हो कधी?" त्यांनी शेजारच्या ध्वनिमुद्रकाला विचारलं.

तो रात्री अकराला आला. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद. सोफ्यावर बाईंच्या कानाच्या उंचीला युमिक-१ हा मोजणीचा माइक, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत एकच सूर चढत गेला आणि पडद्यावर आलेख उमटला. ६९ला डोंगर, १३९ला दरी.

आवाज सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. पाच मीटरच्या खोलीत ३४ आणि ६९ हर्ट्झच्या लाटा समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर त्यांचा जोर सर्वांत जास्त. गुरुजींची पट्टी काळी एक, तिचा खर्ज नेमका ६९. दरीचं कारण मात्र स्पीकरच्या जागेत होतं. वूफर मागच्या भिंतीपासून ६२ सेंटिमीटरवर. त्या भिंतीवरून परतणारी लाट १३९च्या आसपास मूळ लाटेला खोडून काढत होती. जोडाचा षड्ज तिथेच लागतो.

सॉफ्टवेअरनं दरी भरायला १० डेसिबल वाढ सुचवली. त्यासाठी अँप्लिफायरला दहापट ताकद लागते, आणि परतणारी लाटही तितकीच वाढत असल्यानं खड्डा जिथल्या तिथे राहतो. त्यानं ती सूचना पुसली.

आधी सामान हललं. सोफा भिंतीपासून अडीच फूट पुढे आला, तेवढ्यानं डोंगर चारेक डेसिबलनं उतरला. स्पीकर मागे सरकवल्यावर दरी वर, २८५ हर्ट्झकडे गेली आणि उथळ झाली. मग त्यानं एकच अरुंद फिल्टर लावला: ६९ हर्ट्झ, सहा डेसिबल कमी. ३०० हर्ट्झच्या वर त्यानं कशालाच हात लावला नाही. तिथे माइक थेट आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज एकत्र मोजतो. कान मात्र थेट आवाजाला आधी धरतो. पूर्वी एकदा स्वतःच्या घरी त्यानं संपूर्ण आलेख सपाट करून पाहिला होता. गाणाऱ्याच्या गळ्यातली धारच गेली होती.

बाईंनी पुन्हा मैफल लावली आणि डोळे मिटले. आलाप सुरू व्हायच्या आधीच त्या म्हणाल्या, "गंधार ऐकू येतोय." खर्जाच्या तारेतून आपसूक उमटणारा तो स्वयंभू गंधार, ६९च्या पाचपट, म्हणजे ३४६ हर्ट्झच्या जवळ. खोलीच्या घुमाऱ्याखाली तो इतके दिवस दबून होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी सोफ्याच्या चारही पायांभोवती खडूनं खुणा करून घेतल्या, सकाळी केर काढताना तो परत भिंतीला लागू नये म्हणून.