उत्तराला लागणारा वेळ

माझ्या दवाखान्यात एक प्रसंग वरचेवर घडतो. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना मी विचारतो, ‘रात्री झोप कशी लागते?’ आजोबा क्षणभर आठवू लागतात आणि त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच शेजारी बसलेला मुलगा सांगून टाकतो, ‘चांगली लागते, डॉक्टर.’ मुलाचा हेतू वाईट नसतो. परंतु अशा प्रसंगांतून घरात एक समज हळूहळू रुजतो, की आजोबांना आता पूर्वीसारखे सुचत नाही. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. तो कसा, हे मेंदूच्या निर्णयप्रक्रियेच्या एका गणिती प्रारूपाने नेमकेपणाने दाखविले आहे.

रॉजर रॅटक्लिफ या मानसशास्त्रज्ञाने 1978 मध्ये हे प्रारूप मांडले. त्याचा गाभा घरगुती उदाहरणाने समजेल. संधिप्रकाशात फाटकाशी कोणी उभे आहे. ओळखीचे की अनोळखी? चाल एक सांगते, कपडे दुसरेच सुचवितात, आवाज पुन्हा पहिल्या बाजूला झुकवितो. मेंदू असा पुरावा कणाकणाने गोळा करतो आणि तो एका ठरावीक उंबरठ्यापर्यंत पोहोचला की निर्णय होतो. ही केवळ कल्पना नाही. मायकेल शॅडलेन आणि विल्यम न्यूसम यांनी माकडांना पडद्यावरील हलते ठिपके दाखवून ते कोणत्या दिशेला चालले आहेत हे ओळखायला लावले. त्या वेळी मेंदूतील काही पेशींची सक्रियता अशीच चढत जाताना दिसली.

या प्रारूपाचा मोठा उपयोग असा, की उत्तराला लागलेल्या वेळेचे भाग वेगळे करता येतात. पाहण्या-ऐकण्यात आणि हात किंवा ओठ हलविण्यात जाणारा वेळ हा एक भाग. पुरावा किती वेगाने जमतो, हा दुसरा. आणि उंबरठा किती उंच ठेवला आहे, हा तिसरा. रॅटक्लिफ, अंजली थापर आणि गेल मॅककून यांनी 2001 पासूनच्या अनेक प्रयोगांत महाविद्यालयीन तरुणांची आणि साठी ओलांडलेल्यांची तुलना केली. पडद्यावरील ठिपके जास्त की कमी, हा शब्द मघाच्या यादीत होता की नव्हता, असे साधे प्रश्न होते. ज्येष्ठांना वेळ अधिक लागला. पण अशा कित्येक कामांत त्यांचा पुरावा जमण्याचा वेग तरुणांच्या जवळपास होता. विलंबाचा मोठा वाटा उंच उंबरठ्याचा आणि पहिल्या भागाचा होता. चूक होऊ नये म्हणून ते अधिक खात्री करून घेत होते. सर्वच कामांत असे आढळले नाही. शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या कामांत वेगही कमी झालेला दिसला. तरीही सावकाशपणा म्हणजे मंदबुद्धी, हे समीकरण टिकत नाही.

म्हणून सांभाळ करणाऱ्यांना माझी विनंती आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. बोलण्यापूर्वी दूरदर्शन संच बंद करा. चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर आहे ना, ते पाहा. शस्त्रक्रियेसारखा निर्णय घाईचा नसेल, तर माहिती आदल्या दिवशी, ठळक अक्षरांत लिहून द्या. आपण त्यांच्या वतीने उत्तर दिले, तर वेळ वाचतो. पण त्यांच्या दुखण्याबद्दलचे त्यांचे म्हणणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही आणि उपचाराची दिशा त्यावरच ठरत असते.

ज्येष्ठांनीही आपल्या उंबरठ्याचा संकोच बाळगू नये. ‘आत्ताच्या आत्ता ओटीपी सांगा, नाहीतर खाते बंद होईल’ असे फोनवर धमकावणारा भामटा नेमका तो उंबरठाच पाडू पाहत असतो. ‘घरी विचारून सांगतो’ एवढे म्हणून फोन ठेवावा.

मात्र एक भेद विसरू नका. वर्षानुवर्षे हळूहळू आलेला सावकाशपणा वेगळा. काही तासांत किंवा दिवसांत आलेला गोंधळ, बरळणे, अतिझोप ही जंतुसंसर्गाची, रक्तातील सोडियम घटल्याची किंवा नव्याने सुरू केलेल्या झोपेच्या गोळीची खूण असू शकते. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर पक्षाघाताची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा. आणि उत्तर उशिरा येण्याऐवजी वारंवार चुकीचेच येऊ लागले, पैशांचे हिशेब किंवा नेहमीचा रस्ता चुकू लागला, तर तपासणी टाळू नका. थायरॉईडची कमतरता, बी-12 जीवनसत्त्वाचा अभाव आणि नैराश्य ही त्यामागची कारणे उपचारांनी सुधारू शकतात.

असे काही नसेल, तर प्रश्न विचारून झाल्यावर थोडे थांबावे. उत्तर वाटेत असते.