दोडामार्गात लॉण्ड्री डे

वीकेण्डला दोडामार्गला जातेय म्हटल्यावर ऑफिसमधल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला, 'म्हणजे गोवा ना?' जवळपास! सिंधुदुर्गातला हा तालुका १९९९ मध्ये सावंतवाडीपासून वेगळा झाला, पण बाजारपेठेतून थोडं पुढे गेलात की गोव्याची हद्द सुरू. नोकरी, पेट्रोल, नवा टीव्ही, सगळ्यासाठी इथली मंडळी डिचोली-म्हापशाकडे बघतात. बाकी पर्यटक तिलारीचं धरण बघायला येतात किंवा मांगेलीच्या धबधब्याखाली भिजायला. मी मात्र चालले होते एका वॉशिंग मशीनच्या निरोप समारंभाला.

हसू नका. आत्येभावाचा फोन आला होता, 'चतुर्थीच्या आधी आईचं मशीन भंगारात देतोय. शेवटचं बघून घे.'

ते मशीन मूळचं आमचं. १९९६ साली परळच्या चाळीत आलं तेव्हा अख्खा मजला बघायला जमला होता. सेमी-ऑटोमॅटिक, दोन टबांचं, अंग पांढरं आणि झाकणं मरून. टायमर फिरवायचा, बादलीने पाणी ओतायचं. धुवून झालं की बझर असा काही वाजायचा, की शेजारचे काका दचकून उठायचे. स्पिनर सुरू झाला की मशीन मोरीतून चालत निघायचं आणि त्याला धरून ठेवायचं काम माझं. २००४ मध्ये आम्ही डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गेलो, फुल्ली ऑटोमॅटिक घेतलं आणि हे गावी गेलं. चाकरमान्यांच्या घरातल्या वस्तूंना ही दुसरी इनिंग मिळतेच. पंखा, कपाट, मिक्सर, सगळं शेवटी गावच्या पडवीत.

जुन्या मशीनवर जीव लावणारी मी एकटीच नाही बरं का! अमेरिकेत १९३७ मध्ये बेण्डिक्सने घरगुती ऑटोमॅटिक मशीन आणलं. पुढे पन्नाशीच्या दशकात गुलाबी, फिरोजी, पिवळी मशीन्स आली, तर सत्तरच्या दशकात अवोकाडोसारखा हिरवा आणि पिकलेल्या शेताचा सोनेरी रंग फॅशनमध्ये होता. वॉशर आणि ड्रायरची जोडी एकाच रंगाची, भिंतीही त्याला मॅचिंग. आज तिकडे लोक अशी मशीन्स शोधून, दुरुस्त करून हौसेने वापरतात.

आमच्या आत्येकडेही कलरफुल लॉण्ड्री रूम आहे, फक्त तिला छप्पर अर्धंच. मागच्या दारी लाल चिऱ्याची न्हाणी, पाणी तापवायचं काळंकुट्ट भाणं, निळीचे डाग पडलेलं सिमेंट, शेवाळाची हिरवी भिंत, बाजूला जास्वंद. आणि विहिरीकडे जाताना ती फातर, म्हणजे कपडे धुवायची शिळा. वर्षानुवर्षं कपडे आपटून मधे गुळगुळीत झालेली.

मी पोचल्या पोचल्या कॅमेरा काढला आणि फातरीचे फोटो सुरू केले.

'इलंस गो बाय?' आत्ये मागून आली. 'आणि ता काय करतंस?'

'आत्ये, काय सुंदर आहे ही! हिच्यावर धुवायची मजाच वेगळी असेल ना?'

आत्येने माझ्याकडे असं बघितलं, की मी कॅमेरा खाली घेतला. 'त्या फातरेर वाकान वाकान माजी कंबर गेली. आणि तुका तीच बरी दिसता?'

मग ती मला पडवीत घेऊन गेली. कोपऱ्यात आमचं मशीन. कंपनीचं स्टिकर कधीच निघून गेलेलं, धुवायच्या टबाची मोटर बंद. त्यात आता नारळाची सोडणं. स्पिनर मात्र ठणठणीत! बाजूलाच आत्येभावाने म्हापशाहून आणलेलं नवंकोरं फुल्ली ऑटोमॅटिक, त्यासाठी स्लॅबवर टाकी आणि नवीन पाइपलाइनसुद्धा. कारण त्याला नळाचं पाणी जोरात लागतं. जुन्याला कळशीभर विहिरीचं पाणीही चालायचं.

'पावसात ह्येच्याशिवाय माजा काय चलना नाय,' आत्ये म्हणाली.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळतच नाहीत. पूर्वी चुलीवर दोरी बांधून त्यावर टाकायचे, मग शाळेच्या युनिफॉर्मलाही धुराचा वास. आपल्या स्पिनरमध्ये गरम हवा वगैरे नसते. टब जोरात फिरतो, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं, इतकंच. पण जी चादर पिळायला दोन बायका लागायच्या, ती पाच मिनिटांत आत्ये एकटी काढते. मुंबईत आमच्यासाठी सोय होती, इथे तिच्या मनगटाची सुट्टी.

संध्याकाळी आम्ही तिलारीच्या धरणावर गेलो. गोवा आणि महाराष्ट्राचा हा संयुक्त प्रकल्प. हीच नदी पुढे गोव्यात शापोरा होते. आत्येचं माहेर आयनोडे या पाण्याखाली गेलं, सरगवेही गेलं, माणसांचं पुनर्वसन झालं. घरं, विहिरी, व्हाळ, धुवायच्या फातरी, सगळं खाली. मला वाटलं, आता ती त्या व्हाळाच्या आठवणी काढेल.

'फातर नाय आठावत,' ती पाण्याकडे बघत म्हणाली. 'आवशीचे हात आठावतत. सोड्यान फुटलेले.'

मी कपडे धुवायच्या शिळेवर रोमॅण्टिक झाले होते, कारण मी तिच्यावर एकही चादर धुतलेली नव्हती.

रात्री घरी मीटिंग बसली. आत्येभाऊ म्हणाला, नवीन मशीनमध्ये स्पिन आहे की! तेवढ्यात लाइट गेली. पावसात इथे झाड वायरीवर पडायचा अवकाश. नवीन मशीनमध्ये अर्धे धुतलेले कपडे तसेच पाण्यात. आत्ये मेणबत्ती शोधता शोधता हसत होती. सकाळी लाइट आल्यावर तिने ते बाहेर काढले आणि जुन्या स्पिनरमध्ये घातले. मशीन नाचायला लागलं. मी धावत जाऊन दोन्ही हातांनी धरलं, अगदी परळसारखं.

निर्णय झाला. भंगारवाला तुळशीच्या लग्नानंतर. म्हणजे पाऊस पूर्ण गेल्यावर. त्यानंतरही तो येईल असं मला वाटत नाही.

कसं जाल? कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड किंवा गोव्यातलं थिवी गाठा, पुढे बांदा किंवा डिचोलीमार्गे दोडामार्ग. विमानाने यायचं तर २०२३ मध्ये सुरू झालेलं मोपा जवळ. आणि हो, पावसाळ्यात जाणार असाल तर चटकन वाळणारे कपडे न्या. प्रत्येकाकडे आमची आत्ये नसते!