भाकरीसाठी चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर

बालमित्रांनो, उन्हाळ्याच्या सुटीत मी ताईकडे न्यूयॉर्कला गेले होते. तिथल्या उंच इमारती तुम्ही चित्रांत पाहिल्याच असतील. मी आज तुम्हांला नेणार आहे चक्क किराणा मालाच्या दुकानात!

त्याचं असं झालं. ताईच्या सासूबाई सोलापूरकडच्या. नातवासाठी सहा महिने राहायला आलेल्या, पण तीनच आठवड्यांत म्हणू लागल्या, "मला आपलं गावी पाठवा." कारण ठाऊक आहे? भाकरी!

ताईनं घराजवळच्या एका दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं होतं. आजींनी भाकरी थापली, तर कडेनं चिरा पडल्या आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे झाले. चवही कडवट. "पिठाची विरी गेलीय," असं म्हणून आजींनी ताट बाजूला सारलं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळात नसतोच. त्यात पीठ जुनं झालं, की भाकरी धरत नाही. हेच ते विरी जाणं.

मग रविवारी आम्ही सगळे निघालो जॅक्सन हाइट्सला. हा क्वीन्स भागातला मोहल्ला. सात नंबरची आगगाडी इथं रस्त्याच्या वरून, लोखंडी खांबांवरून धडधडत जाते. चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या स्थानकाचा जिना उतरलो आणि काय सांगू! नाकात थेट धने-जिऱ्याचा वास! साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकानं. शेजारच्या त्र्याहत्तराव्या रस्त्यावर बंगाली अक्षरांतल्या पाट्या आणि बांगलादेशी मासळी. पलीकडे तिबेटी आणि नेपाळी लोकांचे वाफाळते मोमो. दोन गल्ल्यांत अर्धा आशिया!

हे लोक इथं आले कसे? अमेरिकेनं १९६५ साली परदेशी लोकांना येऊ देण्याचा कायदा बदलला. त्यानंतर आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. माणसं गेली, की मागोमाग त्यांची डाळ-तांदळाची गरजही जाते! १९७४ साली शिकागोत पटेल बंधूंनी किराण्याचं छोटंसं दुकान काढलं. आज त्यांची दुकानं अमेरिकेत अनेक शहरांत आहेत. त्यांतलं एक याच रस्त्यावर आहे.

आणि या रस्त्याला आणखी एक नाव आहे, ते वाचून माझी तर मान ताठ झाली. 'कल्पना चावला वे'! २००३ साली 'कोलंबिया' यानाच्या अपघातात गेलेल्या आपल्या कल्पना चावलांचं हे नाव २००४ साली दिलं गेलं.

पण चांगलं दुकान ओळखायचं कसं? आजींनीच आम्हांला धडा दिला. "गर्दी बघा," त्या म्हणाल्या. "माल भराभर खपतो, तिथं शिळा राहत नाही." मग कोथिंबीर पाहिली. ती टवटवीत होती. कढीपत्त्याचं पान चुरगळून वास घेतला. डाळीच्या पिशवीत तळाशी भुगा आहे का, तेही पाहिलं. ताईच्या मुलाला काम दिलं पाकिटावरची तारीख वाचायचं. गडी खूश!

गंमत नावांची. ज्वारीला कुठं 'जुवार', तर कुठं इंग्रजीत 'सोरघम'. पोह्यांना गुजरातीत 'पौंआ', तांदळाला 'चोखा'. आजी गोंधळून उभ्या राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या एका गुजराती आजींनी पाकीट पुढं केलं, "आ लोट ताजो छे!" मग काय, एक मराठीत, दुसऱ्या गुजरातीत, अशा दोघी पंधरा मिनिटं बोलत होत्या. तीन आठवड्यांत आजी घराबाहेरच्या कुणाशी एवढ्या बोललेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या!

संध्याकाळी भाकरी तव्यावर टम्म फुगली. नातवानं वांग्याच्या भाजीबरोबर दीड भाकरी संपवली. आजींनी दोन खाल्ल्या आणि हळूच विचारलं, "पुढच्या रविवारी जायचं ना पुन्हा? त्या बाई येणार आहेत." गावी जायचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

मुलांनो, तुमच्या शाळेत, गल्लीतही दूरवरून आलेलं एखादं कुटुंब असेल. त्यांना इथं कोणता जिन्नस मिळत नाही, विचारून बघा. आणि शोधायला त्यांच्याबरोबर जा. जाल ना?